मत नसलेल्या शिक्षिका

परक्या गावची निवडणूक पाहण्यात एक वेगळीच निवांत मौज असते. फरीदाबादसारख्या औद्योगिक नगरीत हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. कारखान्यात, शाळेत किंवा कचेरीत नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस येथे वर्षानुवर्षे राहतो. त्याची मुले हिंदीत भांडू लागतात. परंतु मतदारयादीतले त्याचे नाव मात्र साताऱ्याच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या प्रभागात तसेच राहून गेलेले असते. लोकप्रतिनिधित्वाचा १९५० चा कायदा सांगतो की, ज्याचे नित्याचे वास्तव्य जेथे, तेथेच त्याचे नाव. आणि तेही एकाच ठिकाणी. अर्ज भरून नाव हलविणे काही अवघड नाही. तरी ते राहून जाते. मग निवडणुकीचा हंगाम येतो. भिंती रंगतात, टेम्पोवर कर्णे लागतात, बल्लभगढ-तिगावकडच्या बैठकांत हुक्क्याभोवती कोणत्या गावची मते कोणाकडे जाणार याचा हिशेब चालतो, आणि आपला हा गृहस्थ गच्चीच्या कठड्याला टेकून सारे पाहत राहतो. त्याच्याकडे कोणी मत मागायला येत नाही. आलाच, तर नाव यादीत नाही असे कळताच हात जोडून पुढच्या दारी जातो. हा नमस्कार फार बोलका असतो.

अशा काठावर उभ्या राहिलेल्या माणसाला निवडणुकीत काय दिसते आणि काय सलते, याचा विचार करताना मराठी वाचकाला एका जुन्या पुस्तकाची आठवण व्हावी. पंडिता रमाबाईंचे ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडले. नाव प्रवासवृत्ताचे असले, तरी त्यातला प्रवास थोडा आणि लोकस्थिती फार. त्या देशाची राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मसंस्था, स्त्रियांची परिस्थिती अशी एकेका विषयाची प्रकरणे त्यात आहेत. धबधबे आणि उंच इमारती पाहून दिपून जाणारे प्रवासी पुष्कळ असतात. परक्या देशात राज्य कसे चालते हे मुळापासून समजावून सांगणारा विरळा. रमाबाईंचा पिंड शिक्षिकेचा होता. जे पाहिले ते वर्गापुढे मांडावे, ही त्यांची वृत्ती त्या पुस्तकभर जाणवते.

रमाबाई परदेशी गेल्या त्या शिकण्यासाठी. पण शिकता शिकता शिकवू लागल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला पोहोचल्या आणि १८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्रे शिकत असतानाच तेथे संस्कृत शिकवू लागल्या. पुढे त्यांनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील वरिष्ठ ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. ज्या विदुषीला कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळींनी १८७८ साली भर सभेत ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले होते, तिने पुरुषांना शिकवावे की नाही याचा निर्णय तिच्या पाठीमागे, पत्रापत्रीने होत होता. आपल्यासंबंधीचा निर्णय दुसरे कोणी घेत असताना बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना अमेरिकेत पाऊल टाकण्यापूर्वीच ठाऊक झाले होते.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. बेत थोड्या मुक्कामाचा होता; राहिल्या जवळजवळ पावणेतीन वर्षे. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन होऊन हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी पैशाची सोय झाली. १८८८ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून परतीचे जहाज धरले. म्हणजे त्या वर्षीची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक ६ नोव्हेंबरला झाली, तेव्हा त्या त्याच देशात होत्या. तिकडे चार वर्षांनी एकदा येणारा हा हंगाम, त्याच्या पहिल्या नगाऱ्यापासून मतमोजणीपर्यंत, त्यांच्या अवतीभवती चालला होता.

तो हंगामही साधासुधा नव्हता. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेंजामिन हॅरिसन यांच्यात वाद होता तो आयात मालावरील जकातीचा. जकातीचा दर हा विषय खरे म्हणजे कारकुनी वहीतला. पण त्यावरून मशालींच्या मिरवणुका निघत होत्या, बँड वाजत होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या वृद्ध उमेदवाराला तांबड्या रुमालाची सवय. म्हणून त्या पक्षाचे लोक तांबडे रुमाल फडकावीत फिरत. हॅरिसन यांचे आजोबा १८४० साली निवडून आले, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी घोषणांनी रंगविलेला प्रचंड चेंडू गावोगाव लोटत नेला होता. नातवाच्या वेळी तसाच चेंडू पुन्हा बनवून लोटण्यात आला. राजा नसलेल्या देशातही आजोबांची पुण्याई नातवाच्या कामी येते, हे पाहून आपल्याकडच्या श्रोत्यांना फारसे आश्चर्य वाटू नये. स्वतः हॅरिसन इंडियानापोलिसला आपल्या गावीच राहिले. लोकच जथ्याजथ्याने त्यांच्याकडे येत आणि त्यांनी अशा मंडळींपुढे ८० हून अधिक भाषणे केली.

मतदानाची रीत तर आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. सरकारी मतपत्रिका बहुतेक ठिकाणी नव्हतीच. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतः छापी, आणि मतदार ती सर्वांदेखत पेटीत टाकी. चिठ्ठीचा रंग-आकार पाहून मत कोठे गेले ते दुरूनच कळे. त्यामुळे मत विकत घेणाऱ्याला माल मिळाल्याची खात्री करून घेता येई. इंडियाना राज्यात मतदारांना पाचापाचांच्या टोळ्यांनी पैसे वाटण्याची सूचना देणारे एक पत्र त्याच निवडणुकीत उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. छापील, गुप्त सरकारी मतपत्रिकेचा कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी केला. बाकीची राज्ये हळूहळू मागून आली. शेवटी निकाल लागला तोही असा की, क्लीव्हलंड यांना देशभरात सुमारे ९० हजार मते अधिक पडली, पण राज्याराज्यांतील निर्वाचकांच्या मोजणीत हॅरिसन २३३ विरुद्ध १६८ असे जिंकले. लोकांचे बहुमत एकीकडे आणि गादी दुसरीकडे, हा त्या घटनेतला पेच पुढे २००० साली आणि २०१६ सालीही जगाने पाहिला.

मतदानाला उत्साह दांडगा होता. पात्र मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी मत दिले. परंतु या ‘पात्र’ शब्दातच सारी मेख होती. दक्षिणेत कृष्णवर्णी पुरुषांना १८७० च्या घटनादुरुस्तीने मत मिळाले होते, पण दहशतीने ते पुष्कळ ठिकाणी हिरावले जात होते. आणि स्त्रिया? वायोमिंग प्रदेशात स्त्रियांना १८६९ पासून मताधिकार होता. पण वायोमिंग तेव्हा पूर्ण राज्य नव्हते, आणि अशा प्रदेशांना राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकारच नव्हता. कॅन्सस राज्यात स्त्रियांना मत होते ते केवळ नगरपालिकेपुरते. याचा अर्थ असा की, १८८८ च्या त्या निवडणुकीत, त्या विशाल देशातील एकाही स्त्रीला राष्ट्राध्यक्षासाठी मत देण्याचा कायदेशीर हक्क नव्हता. मौज अशी की, उभे राहण्याला मात्र आडकाठी नव्हती. बेल्वा लॉकवुड नावाच्या वकीलबाई १८८४ साली आणि पुन्हा १८८८ साली त्या पदासाठी उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. स्वतःचे मत स्वतःला देण्याची मात्र त्यांना सोय नव्हती.

रमाबाईंना मत नव्हते, कारण त्या परदेशी होत्या. त्यांच्या यजमाणींना मत नव्हते, कारण त्या स्त्रिया होत्या. पाहुणी आणि घरधनीण एकाच ओसरीवर बसून मिरवणूक पाहत होत्या, असे म्हणायला हरकत नाही. एवढेच की पाहुणीचे परकेपण बोटीत बसताच संपणार होते. घरच्या बाईचे परकेपण घरातच होते.

यातही एक गोष्ट शिक्षकी पेशाच्या माणसाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मताधिकाराची चळवळ चालविणाऱ्या त्या पिढीतील कितीतरी बायका मुळात शाळामास्तरणी होत्या. बेल्वा लॉकवुड वकील होण्यापूर्वी न्यूयॉर्क राज्यात शिकवीत, आणि पुरुष शिक्षकाच्या निम्मा पगार घेत. सूझन अँथनी याही अनेक वर्षे शिक्षिका होत्या. १८७२ साली त्यांनी रॉचेस्टर गावी मत दिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, आणि तो त्यांनी कधीच भरला नाही. रमाबाईंशी ज्यांचा स्नेह जडला त्या फ्रान्सिस विलार्ड मद्यपाननिषेधाच्या विराट स्त्रीसंघटनेच्या अध्यक्षा होण्याआधी एका महिला महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. त्या काळी अमेरिकेतील शाळांत शिकविणाऱ्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. फळ्याजवळ उभी राहून राज्यघटना समजावून सांगायची त्या बाईने. समोरच्या बाकावरचा मुलगा एकवीस वर्षांचा झाला की मत द्यायला जाणार. आणि बाई पुढच्या वर्गाला तीच घटना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगणार. असे वर्षानुवर्षे चालले होते. ज्या बायकांच्या अंगी थोडे पाणी होते, त्या एक दिवस खडू ठेवून सभेच्या व्यासपीठावर चढल्या, यात नवल नाही.

१८८८ च्या मार्चअखेर वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही अँथनीबाईंच्या पुढाकाराने. तीत रमाबाई हिंदुस्थानी स्त्रियांविषयी बोलल्या. निवडणुकीचा हंगाम ज्या वर्षी देशाला घुसळीत होता, त्याच वर्षी राजधानीत मत नसलेल्यांची ही दुसरी संसद आठ दिवस चालली होती.

विलार्डबाईंचा युक्तिवाद येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. स्त्रीला मत हवे ते समानतेच्या तत्त्वासाठी, असे म्हणण्याऐवजी त्या म्हणत की, दारूपासून घर वाचविण्यासाठी ते हवे. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, आणि गुत्ता बंद करणारे मत मात्र नवऱ्याच्याच हाती. तत्त्वज्ञांना हा युक्तिवाद तोकडा वाटेल. पण महाराष्ट्रातील खेड्यातल्या बाईला तो समजावून सांगावा लागणार नाही. गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने २००८ साली केली. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहावे असे ज्यांना वाटते त्यांनी उभ्या बाटलीवर, बंद व्हावे असे वाटते त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. पुरेशी मते आडवी पडली की दुकानाला कुलूप. कित्येक गावांतल्या बायकांनी लोकसभेच्या मतदानापेक्षा अधिक ईर्ष्येने हे मतदान लढविले आहे. विलार्डबाईंना ही आडवी बाटली पाहून समाधान वाटले असते.

मताधिकार मिळाला की माणूस शहाणाच होतो, असे मात्र नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात स्त्रियांना १८७९ पासून शाळासमितीच्या निवडणुकीपुरते मत होते, आणि वर्षानुवर्षे फारच थोड्या स्त्रिया ते वापरीत. १८८८ साली बॉस्टनमधील एका शाळेत इतिहासाच्या तासाला शिक्षकाने रोमन कॅथलिक पंथाच्या एका जुन्या प्रथेविषयी जे सांगितले, त्यावरून तक्रार झाली. शिक्षकाचा विषय बदलला गेला, पुस्तक काढून टाकण्यात आले. त्याबरोबर प्रॉटेस्टंट समाज खवळला, आणि डिसेंबरातील शाळासमितीच्या निवडणुकीसाठी एकट्या बॉस्टनमध्ये २० हजारांहून अधिक स्त्रियांनी नावे नोंदविली. घराबाहेर पडण्याची ही घाई विद्येच्या प्रेमापोटी जितकी होती, तितकीच पंथाच्या अभिमानापोटी होती. रमाबाईंना आश्रय देणाऱ्या त्याच सुशिक्षित शहरातली ही हकीकत आहे. पाठ्यपुस्तकातील दोन ओळींनी निवडणूक पेटते, हा शोध आपल्या काळाने लावलेला नाही.

रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्यात प्रथमच स्त्री-प्रतिनिधी बसल्या आणि त्यांत रमाबाई होत्या. अमेरिकेवरचे पुस्तक निघाले तेही याच सुमारास. ते ज्यांच्यासाठी लिहिले, त्या मराठी वाचकांपैकी बहुतेकांनी मत ही वस्तू पाहिलेली नव्हती. नगरपालिकेच्या निवडणुकीत कर भरणाऱ्या थोड्या मंडळींना काय ते मत. कायदेमंडळात निवडून जाण्याची गोष्ट अजून दूर होती. अशा वाचकाला, राजा नसताना राज्य कसे चालते, हे सांगणे म्हणजे समुद्र न पाहिलेल्याला भरतीओहोटी समजावून देण्यासारखे होते. रमाबाईंनी ते काम उत्साहाने केले. त्या देशाचे कौतुक त्यांच्या लेखणीतून ओसंडते; कधीकधी ते थोडे अधिकच वाटते. पण कृष्णवर्णीयांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही, आणि स्त्रियांच्या परिस्थितीचे प्रकरण तर मन लावून लिहिले आहे.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी स्त्रियांना मत देण्याचा निर्णय १९२१ साली झाला, अर्थात मालमत्तेच्या अटी सांभाळून. तो हक्क बजावण्याची पहिली सार्वत्रिक वेळ १९२३ च्या निवडणुकीत आली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावच्या मुक्तिसदनात निवर्तल्या. आपल्या प्रांताच्या कायदेमंडळासाठी मत देण्याची संधी त्यांना मिळाली नाही. अमेरिकेत त्या परदेशी होत्या म्हणून मत नव्हते. स्वदेशात हक्क आला तो इतक्या उशिरा.

आता पुन्हा फरीदाबादकडे यावे, कारण ज्याला काठावर उभे राहावे लागले असते अशा माणसाला आत घेण्याची एक मोठी गोष्ट याच गावाच्या जन्माशी जोडलेली आहे. आज ज्याला एन. आय. टी. म्हणतात ते नवे फरीदाबाद १९४९ नंतर उभे राहिले. फाळणीत वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावरकडून उखडून आलेल्या हजारो कुटुंबांची ही वसाहत. विकास मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद, प्रत्यक्ष कारभार सुधीर घोष यांच्याकडे, आणि पंडित नेहरूंचे बारीक लक्ष. निर्वासितांनी येथली घरे स्वतःच्या हातांनी बांधली. येथल्या मुलांच्या शिक्षणाचे काम सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघाकडे आले. म्हणजे वर्ध्याच्या माळावर तयार झालेली पद्धत यमुनेकाठी पोहोचली. त्या संघाचे आर्यनायकम् मुळचे सिंहलद्वीपातले आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली घराण्यातल्या. दोघेही शिक्षक, दोघेही येथे परके, आणि विद्यार्थी त्यांच्याहूनही परके.

या लोकांना मत मिळाले कसे, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक नसतो. मतदारयाद्यांचे काम राज्यघटना मंजूर होण्याआधीच, १९४८ साली, सुरू झाले. नियम असा की, मतदार २१ वर्षांचा असावा आणि ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात त्या ठिकाणी निदान १८० दिवस राहिलेला असावा. तंबूत राहणाऱ्या, या छावणीतून त्या छावणीत हलणाऱ्या माणसाने १८० दिवसांचा दाखला आणायचा कोठून? नागरिकत्वाचा कायदाही अजून पक्का झालेला नव्हता. संविधान सभेच्या सचिवालयाने तोडगा काढला तो कारकुनी इतिहासात सोन्याने लिहावा असा आहे: येथे कायम राहण्याचा माझा विचार आहे, एवढे निर्वासिताने लिहून द्यावे, नाव यादीत घ्यावे. कागद दाखवा मग माणूस मानू, असे म्हणण्याची सवय असलेल्या खात्यांनी माणसाच्या शब्दावर कागद तयार केला. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या शिक्षिकेला जे मागून मिळत नव्हते, ते पेशावरहून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या बाईला अशा रीतीने पहिल्याच निवडणुकीला मिळू शकले.

तरी एक अडचण उरली, आणि ती कायद्याने घातलेली नव्हती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशात १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. यादी करणारे दारोदार गेले, तेव्हा मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश अशा भागांत कितीतरी बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मानण्यास नकार दिला. दुरुस्तीसाठी मुदत दिली, तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे अखेर वगळावी लागली. त्या वेळी या निर्णयावर टीका झाली. आयुक्त कठोर वागले, हे खरे. पण ‘अमक्याची आई’ या नावाने मत दिले असते, तर ते मत कोणाचे ठरले असते, हाही प्रश्न होताच. पुढच्या निवडणुकांत ही नावे बहुतांशी याद्यांत आली.

आज फरीदाबादेत मतदान असते त्या दिवशी केंद्र बहुधा शाळेतच असते आणि टेबलामागे बसलेल्यांत शिक्षक पुष्कळ. त्यांच्यात एखादी दूरच्या प्रांतातून बदलून आलेली, स्वतःचे नाव अजून गावाकडच्याच यादीत राहून गेलेली शिक्षिकाही असू शकते. पहिला मतदान अधिकारी यादी पुढे घेऊन बसतो. त्याचे काम असे की, येणाऱ्या मतदाराचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचे, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत असल्यास घेता येते. डोक्यावरून पदर ओढून घेतलेली एखादी वृद्धा रांगेतून पुढे येते, चिठ्ठी टेबलावर ठेवते. ओळख पटविण्यासाठी शिक्षिका हलक्या आवाजात तिला घुंगट थोडा वर करायला सांगते, चेहरा पाहते, आणि मग भरल्या खोलीत, बाहेर ओट्यावर बसलेल्या सासरच्या मंडळींनाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिचे स्वतःचे नाव वाचते.